टाईमटेबल बाजूला ठेव, आधी जमिनीवर बस

अरे,

तुझा मेसेज मिळाला आणि त्याबरोबर पाठवलेलं टाईमटेबलही बघितलं. नऊ ते सव्वानऊ फ्लॅश कार्ड, सव्वानऊ ते साडेनऊ रंगओळख, मग सेन्सरी अ‍ॅक्टिव्हिटी, मग पझल, आणि खोलीत आठ मुलं, त्यातलं सगळ्यात लहान सात महिन्यांचं आणि सगळ्यात मोठी अडीच वर्षांची. वाचून हसू आलं, तुझ्यावर नाही, माझ्यावर. मी पाळणाघरात लागले तेव्हा असंच टाईमटेबल केलं होतं, चार रंगांच्या स्केचपेनने, आणि पहिल्याच सकाळी एका दात येणाऱ्या बाळाने ते चावून ओलं केलं. त्या कागदाचा तेवढाच उपयोग झाला.

आणि मॅडम वगैरे नको, ताई म्हण.

तू विचारलंयस की या वयात मुलांकडून काय काय करून घ्यायचं. माझं गाडं त्या 'करून घ्यायचं' पाशीच अडतं बघ. या वयातली मुलं सकाळी डोळे उघडल्यापासून कामालाच लागलेली असतात, फक्त आपल्याला ते काम वाटत नाही. आपलं काम आधी बघायचं, मग थांबायचं, आणि मग लागलाच तर हात घालायचा. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, तुला लवकर कळावं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमच्याकडे दहा महिन्यांची एक मुलगी होती. तिच्यासमोर एक डबा आणि त्याचं झाकण ठेवलं होतं. मी ठरवून बसले होते की आज हिला झाकण लावायला शिकवायचं. तिने झाकण उचललं, चाटलं, जमिनीवर आपटलं आणि मग सोडून दिलं. ते कडेवर उभं पडलं आणि गरगर फिरत फिरत टणटणटण करत बसलं. ती एकदम स्तब्ध. मग माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला होता, 'असं नाही गं, असं' म्हणायला, तेवढ्यात माझ्याबरोबरच्या जुन्या बाईंनी नुसतं 'थांब जरा' म्हटलं. म्हणून मी थांबले. मग त्या मुलीने तेच झाकण परत टाकलं. मग हात उंच करून टाकलं. मग बाजूला सतरंजीवर टाकलं, तिथे आवाजच नाही आला, तर तिने वाकून झाकणाकडे असं बघितलं की जणू ते मोडलंय, आणि परत फरशीवर येऊन टाकलं. वीसेक मिनिटं हे चालू होतं. झाकण डब्याला लावणं तिच्या गावीही नव्हतं.

पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांकडे बसून बसून अशाच नोंदी केल्यात, त्याचा मुलगाही दहा महिन्यांचा असताना हातातली वस्तू वेगवेगळ्या जागेवरून, वेगवेगळ्या उंचीवरून टाकून ती कशी पडते ते बघत बसायचा. म्हणजे 'सारखं फेकतो हो हा' अशी आपण जी तक्रार करतो ना, तो प्रयोग चालू असतो. मी हात घातला असता तर तिला झाकण लावता आलं नसतंच, वर तो प्रयोगही बंद पडला असता.

आता थांबायचं म्हणजे नुसतं भिंतीला टेकून बसायचं असं नाही हं. तिने माझ्याकडे बघितलं होतं ना, ते महत्त्वाचं. बाळ बघतं, आवाज काढतं, हात करतं, हा झाला त्याने आपल्याकडे टाकलेला चेंडू. आपण तो परत टाकायचा, भुवया उंचावून, 'पडलं की!' म्हणून, नाहीतर त्याने काढला तसाच आवाज काढून. आणि मग परत गप्प बसायचं कारण आता पाळी त्याची. इथेच सगळे चुकतात. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि आपण मधल्या तीन सेकंदांत अजून चार वाक्यं बोलून मोकळे होतो. मनात दहापर्यंत मोज. पहिल्यांदा फार ऑकवर्ड वाटेल, मोज तरी. सहाला-सातला कधीतरी एक 'आ' येतो आणि तो ऐकल्यावर तुला परत सांगावं लागणार नाही.

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधाच प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, आणि मग काही मिनिटं बाळाकडेच बघत पण चेहरा दगडासारखा करून बसते. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवतं, रडतं. काही महिन्यांचं बाळ, पण समोरच्याने उत्तर देणं बंद केलंय हे त्याला बरोबर कळतं. मोबाईल बघत बघत बाळाला सांभाळणाऱ्या माणसाचा चेहरा बघ कधी आरशात, बराचसा तसाच असतो. पण हे वाचून घाबरू नकोस आणि पालकांना तर मुळीच घाबरवू नकोस. ट्रॉनिकचंच पुढचं म्हणणं असं की मोठ्यांचा आणि बाळाचा सूर सतत जुळलेला नसतोच, तो बऱ्याचदा चुकतो आणि परत जुळतो, आणि ते परत जुळणंच बाळाला फार काही शिकवून जातं.

हे सगळं करायची सगळ्यात चांगली वेळ कुठली माहितेय? डायपर बदलायची. खरंच. दिवसातनं पाच-सहा वेळा तुला एका मुलाबरोबर एकट्याने वेळ मिळतो आणि आपण तो नाक मुरडून, घाईघाईत उरकतो. 'आता पाय वर कर, गार लागलं का, हां, झालं' असं बोलत आणि थांबत कर, महिनाभरात सात महिन्यांचं ते बाळ स्वतःहून पाय उचलायला लागलं तर मला कळव.

पुढच्या महिन्यात तीन महिन्यांचं एक बाळ येणार म्हणालास, त्याबद्दल थोडं. झोपवायचं उताणंच, दर वेळी, अंथरूण घट्ट आणि सपाट, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, यात कुणाचंही काहीही ऐकायचं नाही. जागं असताना मात्र पालथं घालायचं आणि आपण समोर बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अजून हलता न येणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं सांगितलीत. मिळून, हे लक्षात ठेव. एका दमात अर्धा तास पालथं ठेवलंस तर ते बाळ रडून खोली डोक्यावर घेईल आणि बरोबरच करेल. सुरुवातीला एक-दोन मिनिटं, तुझ्या छातीवर झोपवून चाललं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून चाललं. मानेचा, खांद्याचा, पाठीचा जोर तिथून येतो आणि पुढचं रांगणं-बसणं त्यावर उभं राहतं. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की मुलाला सीटमध्ये, ढकलगाडीत बांधून एका वेळी तासाच्या वर ठेवायचं नाही. तुमच्या खोलीत त्या बाऊन्सर सीट चार आहेत ना? एक ठेव, बाकीच्या माळ्यावर टाक.

वॉकरही. पालक आणून देतील, म्हणतील याच्याने लवकर चालतो. लवकर चालत नाही, उलट उशीरच होऊ शकतो, शिवाय जिन्यावरून पडण्याचे भयानक अपघात होतात, कॅनडाने तर २००४मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. मूल जमिनीवर मोकळं असेल तर ते आपलं आपण शिकतं. एमी पिक्लर नावाच्या हंगेरियन डॉक्टरबाई होत्या, १९४६मध्ये बुडापेस्टला त्यांनी बालगृह सुरू केलं, त्यांचा नियम असा की जी पोझिशन मुलाला स्वतःहून घेता येत नाही त्यात त्याला नेऊन ठेवायचंच नाही. म्हणजे उशा लावून बसवणं नाही, दोन्ही हात धरून चालवणं नाही. मी काही शंभर टक्के पाळत नाही, मांडीवर बसवतेच की मी, पण उशांच्या मधोमध खुंटीसारखं बसवून ठेवलेलं बाळ बघ, त्याला ना पुढे जाता येतं ना मागे, नुसतं बघत बसतं. तेच उताणं ठेवलं तर दोन मिनिटांत कुशीवर वळून सतरंजीची झालर ओढत असतं.

आणि 'शेजारचा अकराव्या महिन्यात चालला' हे तुला रोज ऐकायला मिळणार. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, २००६ला तो प्रसिद्ध झाला, त्यात एकट्याने चालण्याचं नॉर्मल वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. केवढी मोठी खिडकी आहे बघ. आणि शंभरातली चारएक मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर ठरलेल्या तारखेपासून वय मोजायचं, हे साधारण दोन वर्षांपर्यंत, नाहीतर विनाकारण सगळ्यांच्या जिवाला घोर.

चालायला लागली की पडतात. किती पडतात? कॅरन अ‍ॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या न्यूयॉर्कमधल्या टीमने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं, तर तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! आठवड्याला नाही, तासाला. त्यामुळे प्रत्येक धपकन आवाजाला 'अगंबाई!' करून धावू नकोस. आधी चेहरा बघ. बहुतेक वेळा ते तुझ्याकडे बघून ठरवत असतं की रडायचं का नाही.

खेळण्यांचं. तुझ्या फोटोत रॅक ओसंडून वाहतोय. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी २०१८मध्ये एक छोटा अभ्यास छापला, १८ ते ३० महिन्यांची ३६ मुलं, एकदा समोर चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आपल्यालाही हे रोज दिसतं, फक्त आपण मोजत नाही. सगळी खेळणी चार पिशव्यांत भर, एकच बाहेर, दर आठवड्याला बदल. बटण दाबलं की गाणारी, लाईट लागणारी आहेत ती सगळ्यात शेवटच्या पिशवीत, आणि ती पिशवी काढायला विसरून जा. खेळणं जितकं जास्त करतं तितकं मुलाला कमी करावं लागतं, आणि गंमत म्हणजे आपणही कमी बोलतो, कारण बोलायचं काम खेळण्याने घेतलेलं असतं.

बसता येतं पण चालता येत नाही अशा मुलांसाठी एक टोपली कर. ही आयडिया एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंची. बुटकी रुंद टोपली, आणि त्यात रोजच्या वस्तू, प्लास्टिक सोडून: लाकडी चमचा, कपड्यांचा ब्रश, धातूचं झाकण, कापडाची चिंधी, स्पंज, मोठा गुळगुळीत दगड. तू बाजूला बसायचं आणि बोलायचं नाही. काहीही टोपलीत टाकायच्या आधी टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून बघ, आरपार गेलं तर ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही. आणि बटण सेल, ते नाण्यासारखे छोटे चपटे! रिमोट, घड्याळ, गाणारं ग्रीटिंग, वजनकाटा, जिथे जिथे असेल तिथे स्क्रूने बंद आहे का तपास. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. संशय आला तरी लगेच हॉस्पिटल, वाट बघायची नाही. छोटे लोहचुंबकही तसेच.

आता तुझी मोठी मुलं. तू लिहिलंस की दोन वर्षांची मुलं शेअर करत नाहीत, वाईट सवय कशी मोडू. अरे सवय नाही ती, वय आहे. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२मध्येच लिहून ठेवलंय की लहान मुलं आधी एकेकटी खेळतात, मग शेजारी शेजारी पण आपापलं, आणि एकत्र मिळून खेळणं त्याच्या बरंच नंतर येतं. तुझे ते दोघं पाठीला पाठ लावून ठोकळे रचत बसतात ना, ते 'खेळत नाहीयेत' असं नाही, दोन वर्षांच्या माणसाची मैत्री तशीच दिसते. सगळ्यात लाडकी वस्तू असेल तर दोन घ्यायच्या, एकसारख्या, रंगही तोच. आणि हिसकाहिसकी झाली तर कुणाच्या हातातून काढून दुसऱ्याला देऊ नकोस, कारण मग तूच हिसकावलंस ना! 'तिचं झालं की तुला' एवढंच म्हण आणि तोपर्यंत त्याच्याजवळ बस, बसायचं मात्र खरंच.

फेकणाऱ्याला 'फेकू नको' शंभरदा सांगण्यापेक्षा मऊ चेंडू आणि बादली दे. भरणारीला पिशवी दे, ती दिवसभर भरेल, रिकामी करेल, परत भरेल. चावणारं मूल असेल तर कधी चावतं ते लिहून काढ, भूक, झोप, गर्दी यातलं काहीतरी निघतंच.

बोलण्याचं सोपं आहे. ते म्हणालं 'गाडी', तू म्हण 'हो, लाल गाडी, गेली बघ'. त्याचा शब्द घेऊन त्याला एक-दोन शब्द जोडायचे, बास. चुकीचा उच्चार दुरुस्त करायचा नाही, आपण बरोबर बोलायचं. 'हे काय आहे? आणि हे काय आहे?' ही परीक्षा तर आजच बंद कर. घरी दोन भाषा असतील तर दोन्ही बोलू देत, मूल गोंधळत नाही. आणि दर मिनिटाला 'शाब्बास' नको रे, मला त्याची चीड आहे. टाळ्यांच्या नादाने मूल ठोकळ्याकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघायला लागतं.

टीव्हीवरची शैक्षणिक गाणी लावू का, हे विचारलंयस. नको. २००३मध्ये पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधक बाईंनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना त्याच माणसांच्या व्हिडिओवरून, बारा सेशन. समोर माणूस असलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगवेगळे ओळखता यायला लागले, व्हिडिओवाल्यांना काहीच नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या आत. मागे नुसता चालू ठेवलेला टीव्हीसुद्धा खेळ मोडतो. फिरतीवर असलेल्या बाबांचा व्हिडिओ कॉल चालेल, तिथे समोरचा माणूस उत्तर देतो.

आता जे सांगतेय ते मी फारसं कुणाला सांगत नाही. आमच्याकडे एक बाळ होतं, सातव्या महिन्यात आलं, इतकं शांत की मी त्याच्या आईला रोज संध्याकाळी म्हणायचे, काही त्रासच नाही हो याचा. खोलीत कितीही गोंगाट असो, हे आपलं गाढ झोपलेलं. मी त्याला 'माझं गुणी बाळ' म्हणायचे. अकराव्या महिन्यात एक नवीन मुलगी कामाला लागली, तुझ्याच वयाची, तिच्या हातून त्याच्या मागे ताटांचा ढीग पडला. आख्खी खोली दचकली, दोघंजण रडायला लागले, आणि हे बाळ हातातलं चाक फिरवत बसलेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, 'ताई, याला ऐकू येतं ना?' मग मला आठवलं की आधी ते थोडं गुणगुणायचं, नंतर ते आवाज कमी कमी होत गेले आणि मी त्यालाही शांतपणाच समजले. तपासणीत दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं असं निघालं. मशीन बसलं, पुढे ते मूल बोललंही, पण ते चार महिने माझ्यापायी गेले. बघणं हे माझं काम होतं आणि मी कौतुक करत बसले.

म्हणून रडणाऱ्या मुलांकडे लक्ष जातंच, जी त्रास देत नाहीत त्यांच्याकडे मुद्दाम बघ. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, हात हलवून टाटा वगैरे काही करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे असे दोन शब्द जोडत नाही, पहिल्या वर्षातच एकच हात वापरतं आणि दुसरा नुसता लटकलेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट करायची बंद झालं, मग वय कितीही असो, तर पालकांशी बोल. आपण डॉक्टर नाही, त्यामुळे नाव द्यायचं नाही, 'मला वाटतं याला अमुक आहे' असं तर चुकूनही नाही. 'गेल्या आठवड्यात मी तीनदा मागून हाक मारली, वळलं नाही, घरी काय होतं?' असं विचार. मग कानाची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ. काही दिवस बघू म्हणणारे खूप भेटतात, त्यात कधी कधी पालक असतात, कधी आजी, आणि कधी आपण स्वतः.

सोमवारी एवढंच कर. एक मूल निवड, शक्यतो ते ज्याच्याबद्दल तुला सांगण्यासारखं काही सुचत नाही. वही घे आणि दहा मिनिटं जमिनीवर बस. जे दिसतं ते लिही, 'छान खेळला' असलं लिहू नकोस, कुठल्या हाताने उचललं, कुठे बघितलं, किती वेळा परत केलं, तुझ्याकडे कधी बघितलं, हे लिही. दहा मिनिटं संपता संपत नाहीत, आधीच सांगते. आणि तो कागद मला पाठव.

टाईमटेबलमधली 'हात धुणे, ५ मिनिटे' ही ओळ ठेव, फक्त पाच खोडून पंचवीस कर. कारण नळाखाली पाणी बोटांतून निसटतं, वाटीत भरतं, ओतलं की खाली जातं आणि साबण हातातून पळतो, ते टाकून मुलं तुझ्या रंगओळखीला कशाला येतील. एक टब काढून ठेव पण पाणी चार बोटंच घाल, आणि टबात पाणी असेपर्यंत तिथून उठायचं नाही, दाराची बेल वाजली तरी नाही, दुसरं कुणीतरी उघडेल. टॉवेल जास्त ठेव. तुझे कपडेही.

ताई